अर्जावरची दुसरी ओळ

प्रिय भिंगरी,

हे पत्र दादाच्या निळ्या शर्टाच्या घडीत घालून पाठवतेय. आमच्या लॉन्ड्रीतून येणारा इस्त्रीचा गठ्ठा त्या घरात तुझ्याशिवाय कुणी सोडत नाही, हे मला ठाऊक आहे. वहिनीला कपाटात लावलेले शर्ट दिसतात, ते तिथे जातात कसे याच्याशी तिला देणंघेणं नाही. फोन करून उपयोग नाही. गेल्या वेळी तू हॅलो म्हणालीस आणि मागून लगेच ‘कोण गं, किती वेळ चाललंय’ सुरू झालं. म्हणून लिहितेय. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यात चौथी दोनदा, तेव्हा अक्षर लागेल तसं लावून घे. वाचून झालं की फाड, नाहीतर ठेव. मला आता कुणाची भीती वाटत नाही, नुसती शिसारी येते.

पंधरा दिवसांपूर्वी तुमच्याकडे आले होते, ते काही दादाची तब्येत विचारायला नव्हे. तू कुठे झोपतेस ते बघायचं होतं. बघितलं. मोरीच्या दारापाशी, बुटांच्या मांडणीखाली तुझी गादी गुंडाळलेली. त्या गादीवर कुणीतरी ओले मोजे वाळत घातले होते. नऊ वर्षं, भिंगरी! मी हॉस्पिटलच्या चादरी धुते. त्यांच्यावर काय काय असतं ते तुला सांगत नाही, जेवणाची वेळ असेल तुझी. त्या चादरींना हात लावताना मला कधी काही वाटलं नाही. ते मोजे मात्र चिमटीत धरून बाजूला केले. दादा म्हणतो, ‘हिला काय कमी आहे इथे?’ मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझ्या पावलावर पाऊल दाबलंस. चहा पिऊन घरी आले. त्या चहाची चव अजून जिभेवरून गेलेली नाही. तुला त्या घरातून उठवल्याशिवाय ती जायची नाही.

आता माझी बातमी. मला खोली मिळाली. आमचे हे गेल्यावर कंपनीनं क्वार्टर काढून घेतलं, तेव्हापासून लॉन्ड्रीच्या मागच्या कोठीत सामानासकट, धुण्याच्या सोड्याच्या पोत्यांशेजारी झोपत होते, हे तुला माहीतच आहे. खोली म्हणजे खरं तर दीड खोली. दुसरा मजला, खिडकीतून टायरचं गोदाम दिसतं. न्हाणीघर वेगळं आणि आपलं आपलं. त्याच्या जाळीत आधीच्या भाडेकरणीचे केस एवढे अडकले होते की बाहेर काढल्यावर मांजर मेलंय असं वाटलं. घरमालक दातांचा निवृत्त डॉक्टर आहे. माणसाकडे बघत नाही, माणसाच्या तोंडात बघतो. त्यानं मला खोली दाखवली, माझी वरची दाढ गेलीये हे सांगितलं आणि म्हणाला, ‘किल्ली पहिल्या तारखेला, पण त्याआधी भाडेकरूचा विमा काढून कागद आणून द्यायचा.’ मी म्हटलं, भिंती तुमच्या, छप्पर तुमचं, विमा मी कशाचा काढू? तर म्हणे भिंतींचा माझा मी काढलाय, तुमच्या सामानाचा तुम्ही काढा. शिवाय तुमच्या हातून नळ उघडा राहिला आणि पाणी खालच्याच्या अंगावर पडलं तर त्याची भरपाईही त्यातूनच. आधीची भाडेकरीण म्हणे नळ सोडून लग्नाला गेली आणि खालच्या शिंप्याचे कापडाचे तागे भिजले. एकीनं नळ सोडायचा आणि दुसरीनं अर्ज भरायचे.

एक्कावन्न वर्षांची झाले, पण माझ्या नावावर कधी वीजबिलसुद्धा नव्हतं. विमा म्हणजे माणूस मेल्यावर मिळतो एवढंच माहीत. लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंनी त्यांच्या ओळखीचा एक एजंट पाठवला, त्याला मी टायवाला म्हणते. उन्हाळ्यात लॉन्ड्रीच्या भट्टीपाशी टाय लावून उभा राहणारा माणूस एक तर वेडा असतो नाहीतर लबाड. त्यानं काउंटरवर रंगीत पुस्तक उघडलं. जळालेल्या घराचा फोटो, रडणारी बाई, मग हसणारी तीच बाई. दर पानाला बोट जिभेवर लावायचा आणि उलटायचा, आणि तेच बोट मग मला दाखवायचा, हे बघा, हे बघा. सोन्याची पॉलिसी, चांदीची पॉलिसी. सोन्याच्या पॉलिसीत म्हणे तैलचित्रं आणि पियानोसुद्धा धरतात. मी म्हटलं, माझा पियानो मोठा आहे हो, दारातून येईल का बघते. हसला नाही. म्हणाला, ‘ताई, संकटात आम्ही अगदी घरच्यांसारखे उभे राहतो.’ घरचे कसे उभे राहतात ते मी मोरीपाशी बघून आले होते. मी विचारलं, मिळणार काय नाही ते सांगा. तर म्हणाला, ‘असं निगेटिव्ह कशाला बोलायचं?’ त्याचं पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं आणि साबणानं काउंटर पुसलं.

मग मी स्वतःच बाजारातल्या एका कचेरीत गेले. जिना अंधारा, वर एकच टेबल, आणि टेबलामागे जाड चष्म्याची बाई, साधारण माझ्याच वयाची, सर्दी झालेली. तिनं मला बसा म्हणायच्या आधी शिंकून घेतलं. मग एक पान काढलं आणि म्हणाली, ‘आधी हे ऐका. हे मिळत नाही.’ आणि वाचायला लागली. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन सामान खराब झालं तर मिळत नाही. उंदरांनी कुरतडलं तर मिळत नाही. दार उघडं टाकून गेलात आणि चोरी झाली तर मिळत नाही. दर वेळी पहिली थोडी रक्कम तुमची तुम्ही सोसायची, त्याच्या वरचं आम्ही. खोटं लिहिलेलं सापडलं तर काहीच मिळत नाही. मला बाई एकदम पसंत पडली. म्हटलं, इथेच काढायचा. तिच्याकडे दोन प्रकार होते. एकात हप्ता कमी, पण दहा वर्षांचा पंखा जळाला तर दहा वर्षं जुन्या पंख्याचीच किंमत देणार. दुसऱ्यात हप्ता जरा जास्त, पण नव्या पंख्याची. मी म्हटलं, दहा वर्षं जुना पंखा मला विकतो कोण? दुसरा द्या. निवडायचं एवढंच असतं, आणि त्यासाठी टायवाल्यानं चाळीस पानं चाटली.

तिनं अर्ज दिला. म्हणाली घरातल्या वस्तू लिहून आणा, नीट, एकेक. मी दोन दिवस बसून लिहिलं. मन लावून लिहिलं गं, लॉन्ड्रीत लिहिते तसं. नेऊन दिलं, तर ती वाचता वाचता चष्मा काढून डोळे पुसायला लागली. मला वाटलं सर्दी. ती हसत होती. मोठ्यानं वाचून दाखवलं तिनं: ‘पलंग लोखंडी, एक पाय आखूड, खाली लाकडाचा तुकडा. मिक्सर, झाकण दाबून धरल्याशिवाय चालत नाही. कपाट, आरशाला तडा, घेतानाच होता. गादी एक, उजवीकडे चहाचा डाग, जुना. पंखा, कुरकुरतो.’ म्हणाली, ‘बाई, हा विम्याचा अर्ज आहे की माफीनामा?’

आता यात हसण्यासारखं काय? काउंटरवर कपडा आला की पहिलं काम तेच. बटण तुटलेलं, कॉलर विरलेली, खिशावर शाईचा डाग, सगळं आधीच पावतीवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यायची. नाहीतर धुऊन दिल्यावर तोच डाग आपल्या माथी मारतात. बावीस वर्षं मी हेच केलंय. वस्तू लिहायची म्हटलं की माझ्या हातून आधी तिचा दोषच लिहिला जातो. मी तिला म्हटलं, उद्या तुम्हीच म्हणाल की आधीच मोडकं होतं. ती म्हणाली, ‘अहो, इथे फक्त वस्तू लिहायची आणि आज नवी घ्यायला काय पडेल ते. कुरकुर कुणी विचारलेली नाही. तुम्ही इतके दोष लिहिलेत की वाचणाऱ्याला वाटेल, हे सामान गेलं तर बरंच झालं.’

तिथे खुर्चीवर मी बसले ती बसलेच. कारण हे वाक्य मी ऐकलं होतं. शब्द वेगळे, पण हेच. त्या दिवशी चहा पिताना दादा नि वहिनी तुझी यादी वाचत होते. ही हळू. हिच्या हातून कप फुटतात. हिला हिशेब येत नाही. हिची पाठ दुखते, म्हणजे वाकायचं काम मोलकरणीला द्यावं लागतं. हिला घोरायची सवय, म्हणून तिकडे मोरीपाशी. मी नसताना पाहुण्यांनाही हेच सांगत असणार, आणि तू ट्रे घेऊन समोर उभी. शेवटी दादा म्हणाला, ‘हिला दुसरं ठेवणार कोण?’ आधीच डाग लिहून ठेवले की पुढे काहीही झालं तरी आपल्यावर येत नाही. तू वाळलीस, केस पिकले, बोलायची बंद झालीस, तरी त्यांच्या पावतीवर सगळं आधीचंच. घाण वाटली गं. त्यांची वाटलीच, आणि माझीही वाटली, कारण मी मान हलवत ऐकत होते.

मी तिथल्या तिथे नवा अर्ज मागितला. पलंग. मिक्सर. कपाट. गादी. पंखा. एकापुढेही काही लिहिलं नाही. पाच वस्तू अशा नुसत्या उभ्या राहिल्या कागदावर, तर मला त्या ऐटदार वाटायला लागल्या.

आणि आता हे सगळं तुला का लिहितेय ते. अर्जाच्या शेवटी दोन ओळी होत्या, घरात राहणाऱ्या माणसांची नावं. चष्मेवाली म्हणाली, यात ज्याचं नाव असेल त्याच्याच सामानाचं मिळतं, पाहुण्याचं नाही. पहिल्या ओळीत मी माझं लिहिलं. दुसऱ्या ओळीत तुझं. भिंगरी नाही, शाळेच्या दाखल्यावरचं, पूर्ण. लिहिताना थांबावं लागलं, कारण त्या नावानं तुला कुणी हाक मारलेली मी कित्येक वर्षांत ऐकली नाही. तुझं सामानही लिहिलं: शिवणाची पेटी, दोन लोकरी पांघरुणं, आईचं घड्याळ. तुला न विचारता लिहिलं हे खरं, पण एक गोष्ट तुला न सांगता मी याहून वाईट केली आहे. नऊ वर्षांपूर्वी तुझ्या नवऱ्यानं तुला घराबाहेर काढलं तेव्हा मी तुला सांगितलं की आमच्या ह्यांना चालणार नाही, क्वार्टरमध्ये जागा नाही, तू दादाकडे जा. खोटं. हे स्वतः म्हणाले होते, ‘आण तिला, मी बाहेरच्या खोलीत झोपेन.’ मीच नको म्हटलं. तू आलीस की हे हसायचे, जेवताना दोन घास जास्त खायचे, आणि मला माझ्या घरात ते नको होतं. बस, एवढंच कारण. त्यांच्या नावावर मी ते खपवलं, ते गेल्यावरही तसंच राहू दिलं, आणि तू अजून त्यांना कठोर समजतेस. त्यांना नको समजूस, मला समज. माफ कर असं इथे लिहीत नाही, कागदावर ते फार स्वस्त पडतं. तू समोर ये, भांड, कप फोड, मी आहेच. पहिली तारीख मंगळवारी आहे. लॉन्ड्रीची गाडी अकराला तुमच्याकडे मळके कपडे न्यायला येते, त्यात पुढच्या सीटवर मी असेन. पुढच्या दारानं ये, दादा घरात असला तर त्याच्या देखत ये, बोलायचं ते मी बोलेन. यायचं नसेल तर दारात उभी राहून मला तसं तोंडावर सांग, मग मी दुसरी ओळ खोडीन. मी आत्ताच खोडू शकले असते, पण अर्जाखाली सही करून आलेय की वर लिहिलेलं सगळं खरं आहे. त्यातलं अर्धं खरं करणं माझ्या हातात होतं, ते मी केलं. उरलेलं तुझ्या हातात आहे.

तुझीच, नऊ वर्षं तोंड लपवून बसलेली,
ताई