राजीखुशीनं

॥ श्री ॥

मुक्काम पाली, तालुका बीड
शके १८४८, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी
(कचेरीच्या हिशेबानं बहमन, सन १३३६ फसली)

सौभाग्यवती महानंदाअक्का यांना अण्णारावचा शरणार्थ. विनंती विशेष. इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळावी. सिद्धेश्वरअप्पांना नमस्कार, तिन्ही मुलींना आशीर्वाद. यंदा पालीत ज्वारी बरी उभी आहे. नदीला अजून पाणी आहे. घोडीचा पाय बरा झाला, बीडला जाणं-येणं पुन्हा सुरू झालं.

दीड वर्षानं पत्र लिहितो आणि घोडीच्या पायाचं सांगतो, असं म्हणाल. म्हणा. अठरा वर्षं कचेरीपुढच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिले, पण स्वतःचं काही लिहायचं म्हटलं की कलम अडतं.

एक आधीच सांगतो. मी एरवी मोडी लिहितो, पण हे पत्र मुद्दाम बालबोधीत लिहिलं आहे, एकेक अक्षर सुटं. तुम्हाला आणि केशरला, दोघी बहिणींना, तुमच्या वडिलांनी घरीच बालबोध शिकवलं होतं. तेव्हा तुम्ही स्वतः वाचा, अप्पांकडून वाचून घेऊ नका. अप्पा माणूस लाखाचा, माझे साडू आहेत, पण हे त्यांच्या तोंडून तुमच्या कानी जावं असं मला वाटत नाही.

केशर गेली तेव्हा तुम्ही मुलींना घेऊन महिनाभर इथं राहिलात. निघताना म्हणालात, "गंगूला माझ्याकडं द्या, तिघींत चौथी." त्यावर मी काय बोललो ते तुम्ही विसरला नसाल. माझी लेक काय अनाथ आहे काय, आणि तुमच्याकडं येऊन ती चुलीशिवाय शिकणार काय, असं मी म्हणालो. तुम्ही पाणी न पिता गाडीत बसलात. महिनाभर तुमच्याच हातच्या भाकरी खाऊन मी चुलीला नावं ठेवली. त्या दिवशी लाज वाटली नाही, आता वाटते.

शिकवण्याचा हट्ट मात्र नुसता माझा नव्हता. केशर तापात होती, तेव्हा एकदा शुद्धीवर येऊन म्हणाली, "पोरीला येवढं तरी शिकवा, की कोऱ्या कागदावर तिचा कुणी आंगठा घ्यायला न्हाई पायजे." आता पालीत शाळा नाही. बीडला सरकारी मदरसा आहे, पण तिथं सगळं उर्दूत आणि सगळी मुलं. मग घरीच शिकवायचं ठरलं. काय शिकवावं, यावर ज्याला त्याला बोलायला फुरसत होती. कचेरीतले म्हणाले, मुलीच्या जातीला उर्दू कावून? आमचे स्वामी म्हणाले, पूजेपुरतं वाचता आलं म्हणजे पुष्कळ. शेजारच्या सारजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरीला वकील करून कुठं देणार हाय, वकिलाच्याच घरी ना? तितं बी भाकरी लागतीच की."

मी कुणाचं ऐकलं नाही. सकाळी घोडीवर खोगीर घालायच्या आधी पाढे, पावकी-निमकी-दीडकी. संध्याकाळी दिवा लागला की धूळपाटीवर आधी बालबोध, मग मोडी, मग अलिफ-बे. घरात छापील पुस्तक एकच, तेही वाळवीनं अर्धं खाल्लेलं. मग वाचायला काय द्यायचं? माझ्याकडं ढीग होता तो अर्जांच्या कच्च्या नकलांचा. तेच दिले. बाकीची लेकरं काऊ-चिऊची गोष्ट वाचतात, माझी गंगू बांधाची तकरार वाचायला लागली.

पोरगी हुशार निघाली, अक्का. तुमच्या घराण्यातलं डोकं आहे, मी कबूल करतो. वर्षाच्या आत "गरीबपरवर सलामत" इथपासून खाली "वाजिब जाणून अर्ज केला" इथपर्यंत न अडखळता लिहायला लागली. कोंबडीनं खुराड्याबाहेर अंडं घातलं तर तिच्यावर समन्स काढायची. आणि थट्टा नव्हे, आखाडात सारजाबाईंच्या दिरानं वाटणीचा कागद आणला, आंगठा करा म्हणाला. सारजाबाईंनी तो गंगूपुढं धरला. गंगूनं वाचून सांगितलं, "यात विहीर कुठं लिवलीच न्हाई की." दीर कागद घेऊन परत गेला. त्या दिवसापासून सारजाबाई वकिलाचं नाव काढत नाहीत. मी गावभर मिरवलो. तुम्हाला कळवावं असंही मनात आलतं, पण ते तुम्हाला खिजवायला, आनंदानं नव्हे.

मी तिला एक गोष्ट पहिल्यापासून शिकवली. तोंडानं मागितलेलं वाऱ्यावर जातं. मागायचं ते कागदावर मागावं, म्हणजे हाकिमाला नाही म्हणायच्या आधी वाचावं तरी लागतं.

आता नागपंचमीचं सांगतो. तुम्ही एवढं झालेलं विसरून गंगूला खणाचं परकर-पोलकं पाठवलंत, आणि मी ते लहान होतं म्हणून गाडीवानाबरोबर परत केलं. ते लहान नव्हतं. तिनं घातलं होतं आणि ते अंगाला नीट बसलं होतं. ते घालून ती झोक्यापाशी गेली, आणि पाच-दहा मिनिटांत परत आली. मी विचारलं तर म्हणाली, त्या पोरी गाणी म्हणतात, मला एक बी येत न्हाई. नंतर ती परसात एकटीच खेळत बसली. मी आडून पाहिलं. बाहुलीची कचेरी मांडली होती. फिर्यादी तीच, मुद्दालेह तीच, हाकीम तीच, आणि चपराशाची हाळीही तीच देत होती. ते पाहून मला राग आला, आणि तो मी तुमच्या परकरावर काढला. दुसऱ्या दिवशी तिच्या हातून घडी घालून घेतली.

त्यानंतर आठ दिवसांची गोष्ट. कचेरीत नेहमीप्रमाणे मी दिवसाचे अर्ज पेशकारसाहेबांपुढं ठेवले. ते वरवर वाचून हातावेगळे करत होते. एका कागदाशी थांबले आणि हसायला लागले. मोठ्यानं वाचू लागले, तसे भोवतालचे चार लोकही हसले. कागद माझ्याच नावाचा होता. गंगूनं तो माझ्या कागदांच्या बस्त्यात घातला होता. उर्दूत होता, मी मराठीत सांगतो:

"बखिदमत जनाब अण्णाराव साहेब. गरीबपरवर सलामत. अर्जदार शिवगंगा, वय नऊ, राहणार मौजे पाली. हकीकत अशी की, अर्जदाराला घरी बोलायला कुणी नाही. वालिद दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकतात, घरी येतात तेव्हा दमलेले असतात. दिंद्रुडला मावशीच्या तीन मुली आहेत. त्या झोपताना बोलतात. तरी अर्जदाराला मावशीकडं राहण्याची परवानगी व्हावी. वाजिब जाणून अर्ज केला."

"झोपताना बोलतात" इथं पेशकारसाहेबांचं हसणं थांबलं. कागदाची घडी करून त्यांनी दोन्ही हातांनी मला दिला. म्हणाले, "मुन्शीजी, इसका हुकूम तो तुमीच देना."

मी काय हुकूम दिला? काही नाही. घरी आल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, अर्ज पोचला, चौकशी चालू आहे. तिला ते खरं वाटलं. कचेरीत असंच असतं हे मीच तिला शिकवलेलं. आठवड्यानं विचारी, अर्जाचं काय झालं? मी म्हणे, वर गेलाय. दसऱ्याला विचारलं, दिवाळीला विचारलं. कागद मी माझ्या अंथरुणाखाली ठेवला होता, अक्का. चार महिने. बाबू लोकांना मी अठरा वर्षं शिव्या दिल्या, आणि पोटच्या पोरीच्या कागदावर स्वतःच बसलो. कारण काय, तर ती गेल्यावर या घरात मी काय करू, हे मला सुचेना. पोरीला शिकवतो, शिकवतो म्हणत होतो, पण दीड वर्षात संध्याकाळी घरी यायला मला कारण होतं ते तेवढंच.

दिवाळीनंतर तिनं विचारणं सोडलं. मला बरं वाटलं, विसरली म्हणून.

गेल्या मंगळवारी बस्ता सोडला तर आत दुसरा कागद. "अर्जदार शिवगंगा आपला पहिला अर्ज मागे घेते. कारण की वालिदांना भाकरी करता येत नाही, आणि अर्जदार गेल्यास दिवेलागणीला ते एकटे राहतील. हा कागद राजीखुशीनं, कुणाची जोरजबरदस्ती नसता लिहून दिला."

अक्का, हे शेवटचं वाक्य मी शेकडो कागदांवर लिहिलं आहे. भावांनी पुढ्यात आणून बसवलेल्या बहिणींसाठी, दिरानं आणलेल्या विधवांसाठी. त्या खाली मान घालून बसायच्या आणि मी लिहायचो, राजीखुशीनं. जिथं खरंच राजीखुशी असते तिथं कुणी ते लिहायला सांगत नाही, हे मला कळत होतं. कळूनही लिहीत होतो, कारण माझं पोट त्यावर. केशरला भीती होती की परका कुणी पोरीचा आंगठा घेईल. परक्याची गरजच पडली नाही. मी एक शब्द न बोलता तिच्याकडून हा कागद लिहून घेतला, आणि अक्षर इतकं सुरेख आहे की कुठं खाडाखोडसुद्धा नाही.

त्या दिवशी मी कचेरीत गेलो नाही. ओसरीवर बसून राहिलो आणि रडलो. सारजाबाईंनी पाहिलं आणि कोरड्यासाची वाटी ठेवून गेल्या.

तर गंगूला घेऊन जा. तुम्ही मागितलं होतं तेव्हा मी अपमान केला, आता मीच पदर पसरतो. नाही म्हणालात तरी तुमची चूक नाही, पण नाही म्हणू नका.

तिला काय शिकवा, काय नको, हे मी सांगणार होतो. कालच एका कागदावर ओळीनं सतरा कलमं लिहिली होती, ती फाडली. तुमची ती चूल तिला शिकवा. गाणी शिकवा, फुगडी शिकवा, तुमच्या मुलींशी भांडू द्या. उर्दू विसरली तर विसरू द्या. दोनच विनंत्या आहेत. महिन्यातून एकदा तिच्या हातचं पत्र मला यावं, त्यात काय लिहिलं ते मोठ्यांनी वाचू नये. आणि स्थळं आली तर चार-पाच वर्षं तरी कुणाला शब्द देऊ नये.

माझी काळजी नको. भाकरी करायला सारजाबाईंनी गंगूला शिकवलं, आता मला शिकवतायत. काल पहिली केली, ती घोडीनंही हुंगून सोडली.

पौर्णिमा झाली की सोमवारी या. आदल्या रात्री बीडला अप्पांच्या ओळखीच्या दुकानी मुक्काम करा आणि सकाळी उन्हं चढायच्या आत पालीला पोचा. तिचं बोचकं तयार ठेवतो. तुम्ही आलात की मी म्हणेन, बैल सोडा, दमला असाल, एक दिवस राहून जा. अक्का, मी कितीही म्हटलं तरी बैल सोडू नका.

तुमच्या बहिणीचा नवरा, आणि तुमच्या गंगूचा बाप,
अण्णाराव