कुटुंबस्थ

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निवृत्तीनंतर मी घरी गंजत पडेन, हे तुझं भाकीत चुकलं. ज्या विद्यापीठात सूक्ष्मदर्शकं दुरुस्त केली, तिथेच आता जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालयाबाहेर टेबल मांडून बसतो. अण्णा रोज म्हणायचे त्या पोथीच्या, खिशात मावतील अशा छोट्या प्रती देतो, विचारलं तर अर्थ सांगतो. मुलं अडचणीत आणणारे प्रश्न विचारतात. कारकून सावलीसाठी येतात आणि दोन श्लोक ऐकून जातात.

परवा शरीरशास्त्र विभागातले मदतनीस आले. देहदानाची शरीरं तेच सांभाळतात. विद्यार्थी कामाला लागण्याआधी तिथे रोज थोडं वाचाल का, म्हणाले. मी हो म्हटलं. अण्णांनी देह तिथेच दिला होता, हे त्यांना सांगितलं नाही. तुला मात्र सांगतो. हवं तर कान पिळ, पण उत्तर धाड.

तुझ्या धाकात असलेला,
धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कान इतक्या लांबून पिळता येत नाही, हे तुझं नशीब. टेबलाचं वाचून बरं वाटलं, त्या खोलीचं नाही. मुलीला न विचारता बापाने सही केली, आणि मी पोहोचण्याआधी त्यांना नेलंही. ते अजून कुठेतरी गारठ्यात पडून आहेत, असं मला वाटत राहतं. वाच तू, पण कुठल्या टेबलावर कोण, ते शोधू नकोस. गुडघ्याला तेल लावतोस ना?

माया आहे म्हणून ओरडणारी,
ताई

ता. २६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे भर दुपारी, टेबलाशी बसून लिहितोय. घरात लिहवेना.

काल त्या खोलीत वाचताना 'कूटस्थ', म्हणजे कधीच न बदलणारा, या शब्दापाशी माझा चष्मा धुरकटला आणि मी थांबलो. समोरच्या सहाही विद्यार्थ्यांनी एका आवाजात शब्द पुरा केला: "कुटुंबस्थ." अण्णा जन्मभर तसंच चुकीचं म्हणायचे. कुणी शिकवलं, असं विचारलं. एक मुलगी म्हणाली, "काम करताना रोज ऐकू येतं. तुम्हीच वाचता ना?" ताई, त्या श्लोकापर्यंत मी काल पहिल्यांदाच पोहोचलो होतो.

तुझी ताकीद मोडून मदतनिसांना अण्णांबद्दल विचारलं. त्यांनी वही काढली. अभ्यास संपवून विभागाने चार वर्षांपूर्वीच अण्णांना अग्नी दिलाय. कळवल्याचं पत्र आपल्या जुन्या पत्त्यावर गेलं असणार.

आजही मुलं तसंच म्हणाली. त्यांना दुरुस्त करायला जीभ रेटत नाही. काय करू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
धाकटा

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दुरुस्त करू नकोस. ती चूक माझी आहे. चार वर्षांची असताना अण्णांच्या मांडीवर बसून मी तसं म्हटलं. आई हसली. अण्णा मात्र गंभीरपणे म्हणाले, हेच बरोबर. मग तेही तसंच म्हणू लागले. तुझा जन्म त्यानंतरचा.

ते सही करून आले, त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. शेवटचे सात महिने. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आज सकाळी भांडी घासताना तो श्लोक म्हणून पाहिला आणि त्या शब्दाशी मुद्दाम थांबले. घरात मी एकटीच होते. शब्द माझ्या पाठीमागून पुरा झाला. मी वळले नाही. नळ बंद केला आणि म्हटलं, "शुक्रवारी येते."

स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. सरळ त्या खोलीत येईन.

तुम्हा दोघांची,
ताई