रग्गड स्पॅनिश

३ मार्च, सोमवार
आमची कंपनी बॅगांच्या चेन बनवते. आज साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, स्पॅनिश कुणाला येतं? स्पेनमधलं स्कूलबॅगवालं गिऱ्हाईक आहे, महिनाअखेर फोन करणार. बोलणं जमलं तर एक्स्पोर्टच्या टेबलावर बढती. माझा हात आपोआप वर गेला. हे काही खोटं बोलणं नव्हे. येणारच आहे, फक्त अजून आलेलं नाही.

४ मार्च
घरात पदवी घेतलेली पहिली मी. बाबांनी शेजारच्या काकांना सांगून टाकलं, पोरगी स्पेनशी बोलणार आहे. आता माघार नाही.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून एक तास.

५ मार्च, सकाळी ८.१०
उद्यापासून.

८ मार्च, शनिवार
पुस्तक उघडलं. आकडे, क्रियापदं, 'ही माझ्या मामांची पेन्सिल आहे'. यात माणूस कुठे आहे? भाषा म्हणजे दोन मनांमधला पूल. पुस्तक बंद केलं.
व्हिडिओवर खरी भाषा सापडली. 'खूप'साठी बोलण्यातले शब्द! पुस्तकी 'मूचो' काय, कोणीही म्हणेल. आपल्या माणसांत म्हणायचं 'उन मोंतोन'. ढीगभर.

१० मार्च
'मोगोयोन'. रग्गड! म्हणताना तोंड कसं भरून येतं. 'ला तीरा', बक्कळ. 'उन पोर्रोन' म्हणजे मुळात वाइनचा चंबू, पण अर्थ तोच, चिक्कार. आईला फक्त चंबू सांगितला.

१४ मार्च
धाकटी म्हणाली, ताई, रग्गड काय ते तरी शीक. वाढायला निघालीस, पातेल्यात काय आहे ते बघ आधी. तिला भाषेचा आत्मा कळत नाही. नामं काय, मागाहून भरता येतात.
आकडे मात्र मुद्दाम वगळले. आकड्यांनी मनं जुळत नाहीत.

२० मार्च
ऑफिसात अकाउंट्सच्या दादांनी विचारलं, कुठवर आलं स्पॅनिश? मी म्हटलं, मोगोयोन. ते म्हणाले, बापरे. आत्मविश्वास वाढला.

२६ मार्च, बुधवार
फोन झाला. उत्तम!
साहेब शेजारीच बसले होते. गिऱ्हाईक भरभर बोललं. मला 'ओला', म्हणजे नमस्कार, एवढं कळलं. बाकीचं मनाने घेतलं. शेवटी सूर वर गेला, म्हणजे प्रश्न होता. मी म्हटलं, उन मोंतोन! त्याने आणखी काही विचारलं, जरा हळू. मोगोयोन! तिसऱ्यांदा त्याचा आवाज अगदी खोल गेला. मी हात आखडता घेतला नाही. ला तीरा आणि चंबू, दोन्ही दिले.
पलीकडे शांतता. मग 'ग्रासियास', म्हणजे आभार, आणि फोन बंद. गहिवरला असणार.
साहेबांनी विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, शब्द सुचत नव्हते त्याला.

२७ मार्च
त्याची मेल आली. चक्क इंग्रजीत. आधी सांगायला काय झालं होतं?
त्याने विचारलं होतं म्हणे, तुमच्या चेन अडकतात का? दात तुटतात का? आणि मुलांची बोटं चिमटतात का?
ऑर्डर रद्द. पण खाली लिहिलंय, इतकी प्रामाणिक विक्रेती आयुष्यात भेटली नाही. ही ओळ साहेबांनी वाचलेली दिसत नाही.

२८ मार्च
साहेबांनी बोलावलं. एक्स्पोर्टचं टेबल विसरा म्हणाले. मग चष्मा काढून विचारलं, बाई, आता खरं सांगा, तुम्हाला स्पॅनिश येतं तरी किती?
उत्तर स्पॅनिशमध्येच द्यावं, म्हणजे शंकाच मिटेल, असं ठरवून तोंड उघडलं. 'थोडं'ला काय म्हणतात, ते शिकलेच नव्हते. तोंड तसंच मिटलं. साहेबांना उत्तर कळलं.
घरी आले तर बाबा आणि काका दारातच उभे. काका म्हणाले, काय गं, झालं का स्पेनशी बोलणं? बाबा माझ्याकडे बघत होते. मी खाली बघून मराठीतच म्हटलं, थोडंसं.
काकांना जरा कमी ऐकू येतं. त्यांनी बाबांना विचारलं, काय म्हणाली?
बाबा त्यांच्या कानाशी ओरडले, रग्गड बोलली!