तिनं खाल्लेली बोलणी

अण्णा,

मी स्पॅनिश शिकते आहे. या वयात कशाला, असं तुम्ही विचारलं नसतंत. मला तुम्ही फारसं काही विचारत नव्हतात. शिकवते ती, जळकोटच्या आपल्या स्वयंपाकघरात तुमच्याकडं इंग्रजीला यायची तीच. आता माद्रिदला असते, संध्याकाळी मोबाईलवर वर्ग घेते. भाषेसाठी मी गेले नाही. तुम्ही तिला काय दिलं होतंत, ते बघायला गेले.

तेव्हाचं अजून दिसतं: ती पाटावर बसलेली, तुम्ही समोर. मी चहा उकळते आहे. "पुन्हा म्हण. तोंडात गूळ धरलाय का?" तुम्ही तिला विचारता. ती तेच वाक्य परत म्हणते. "न्हाय. परत!" ती रडते, नाक पुसते, परत म्हणते. त्याच वाक्यात एकदा मी अडखळले, तर तुम्ही हसलात. "राहू दे गं, लई झालं. चहा आण." ते इतक्या मायेनं, की आई म्हणाली, लेकीवर जीव आहे. मला तिनं खाल्लेली बोलणी हवी होती.

परवा वर्गात एक रूप आलं. कुणाला वाटायचं की दुसऱ्यानं काही करावं, असं मागचं सांगताना ते लागतं. आब्लार म्हणजे बोलणं. मी बोलावं, आब्लारा. कोमेर म्हणजे खाणं, खावं, कोमिएरा. "वडलांना काय वाटायचं त्यावर एकेक वाक्य करा," ती म्हणाली. एकाच्या वडलांना वाटायचं, त्यानं डॉक्टरकी शिकावी. एकीच्या वडलांना, तिनं गावं. माझी पाळी आली. मी खूप शोधलं. मग म्हणाले, माझ्या वडलांना वाटायचं, मी चहा करावा. करावा, प्रेपारारा; माझ्या तोंडून आलं प्रेपारा.

"अगं, एक ‘रा’ गिळलास. नीट म्हण."

म्हटलं.

"अजून नाही. इतकी वर्षं सरांच्या घरात राहून जीभ अशी जड कशी?"

सगळे ऐकत होते. तिनं मला सोडलं नाही. नीट येईपर्यंत म्हणायला लावलं, आणि आल्यावर कौतुकाचा शब्दही काढला नाही. अगदी तुमच्यासारखं. रागवण्याची ती रीतसुद्धा तुम्ही तिलाच देऊन गेलात, आणि माझ्या वाट्याची बोलणी मला तिच्या हातून घ्यावी लागली.

हे तुम्हाला पोचणार नाही. पोचणार असतं, तर लिहिलं नसतं. प्रेपारारा मला आता नीट येतं. गुरुवारच्या वर्गात मी ते मुद्दाम चुकवणार आहे.