भिंतीवरचे ओघळ आणि बेबीची देवी

कोरीट, मंगळवार संध्याकाळ, सप्टेंबर १९५९

आज देवी काढणारे पुन्हा आले. मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्या बेबीच्या दंडावर देवीची लस टोचली होती, पण फोड उठलाच नाही. म्हणजे लस लागली नाही. सासूबाईंनी लगेच भिंतीकडे बोट दाखवलं. मलेरियावाल्यांनी डीडीटी फवारल्यापासून तिथे पांढरे ओघळ आहेत, आणि ते पुसायला मनाई आहे.

“डास मरतस, ढेकून मरतस. मंग पोरना आंगमाना राखणदार कसा वाची?” राखणदार म्हणजे त्यांच्या लेखी ती लस.

देवीवाले पोट धरून हसले. “आजी, लस उन्हात तापली असेल. पावडर माणसाला काही करत नाही.” मग त्यांनी दुसऱ्या दंडावर टोचलं. बेबीने घर डोक्यावर घेतलं.

ते गेल्यावर सासूबाई बेबीला घेऊन गोठ्यात गेल्या. तिथेही ओघळ! मग अंगणात खाट टाकून बसल्या, तर डासांनी फोडून काढलं. “पावडरमा काही दम नही!” म्हणत आत आल्या. म्हणजे राखणदाराला मारण्याइतकी जालीम, आणि डासांपुढे पांगळी? पण सुनेने किती विचारावं?

हसू आवरत नव्हतं. पण ते ओघळ... पावसाळा सरत आला तरी तसेच. जे भिंतीवरून जात नाही, ते अंगात गेलं तर कधी जाणार? देवीवाल्यांना हे विचारायला हवं होतं. पण त्यांना तरी माहीत असेल का?

दिवा लावल्यावर मी बेबीचा पाळणा हळूच भिंतीपासून दूर ओढला. चुलीपाशी बसलेल्या सासूबाई मान न वळवता म्हणाल्या, “आखो थोडा वढ.” मी आणखी हातभर ओढला.