साडेसहा तासांत सिंगापूर ते धुळे

रवि., ९ नोव्हें.
अक्षयचा व्हिडिओ कॉल. मयूरीने फोन माझ्या हातात दिला. जावई व्हायचाय, गोड बोलतो, पण अंगात स्वेटर! सिंगापुरात बारा महिने घाम गाळतात म्हणे. विचारलं तर, "ऑफिसचा एसी, आई." रविवारी ऑफिस? असेल. हे म्हणाले, तुला जिथे तिथे पाणी मुरताना दिसतं. दिसतं तर दिसतं. एकुलती एक पोर द्यायचीय.

बुध., १२
कुंकवाचा कार्यक्रम शनिवारी, इथेच जळगावला. एकदा कुंकू लागलं की लग्न पक्कं. भरिताची वांगी बामणोदची सांगितली. अक्षय उद्या तिकडून निघणार. विमानाचा नंबर मागितला तर, "कशाला त्रास आई, मीच कळवतो." मयूरी मध्येच, "पुरे गं तुझं!" हिने एवढं का चिडावं?

गुरु., १३
विमान तिथून अकराला. तिथले अकरा म्हणजे आपले साडेआठ. मुंबई चार हजार कि.मी.ला जरा कमी, साडेपाच तास. दोनला उतरणार. पुढे धुळे गाडीने सहा-सात तास, तेही घाटात ट्रक आडवा नसेल तर. रात्रीचे नऊ धरले मी.
तीनला धुळ्याहून विहीणबाईंचा फोन. "अक्षय घर ऊना ताई! आते जेवी ऱ्हायना."
घरी आला, वर जेवायलाही बसला! त्या बिचाऱ्या पोरगा आला यातच खूश. मग तो फोनवर. "वारा मागून होता आई, विमान लवकर आलं." वारा काय धुळ्याच्या दारापर्यंत ढकलत आला?
ह्यांना बोलले नाही. आधी मयूरी.

शुक्र., १४
मयूरी बँकेतून आल्यावर स्वयंपाकघराचं दार लावलं. म्हटलं, हा सिंगापुरात नव्हताच. ती कणीक मळत होती, हात थांबले नाहीत.
"नव्हता. दिवाळीआधीपासून पुण्यात आहे. नोकरी गेली त्याची. घरी सांगायची हिंमत नाही. मला त्याच दिवशी सांगितलं."
"आणि तू मला..."
"तू पप्पांना सांगितलं असतंस. पप्पांनी मोडलं असतं. मला तोच हवाय, आई."
राग आला. तो खोटं बोलला त्याचा कमी, ही रोज माझ्यासमोर बसून जेवली त्याचा जास्त. आणि जो स्वतःच्या आईशी इतक्या सफाईने खोटं बोलतो, तो हिच्याशीच खरं बोलला कशावरून? विचारलं. म्हणाली, पुण्याला जाऊन भेटून आले.
म्हणजे गेल्या महिन्यात बँकेचं ट्रेनिंग सांगून दोन दिवस गेली होती, ते...

शनि., १५
अंगणात वांगी भाजायला घेतलीत, धूर घरभर. हे टोपी शोधत आत आले. "मुलाची चौकशी नीट केलीस ना? तुझ्या भरवशावर हो म्हणतोय मी."
म्हटलं, केली.
धुळ्याची मंडळी पारोळ्याला चहाला थांबलीत, असा आत्ता फोन आला. पारोळ्याहून इथे तासाभराचा रस्ता. ह्यांना सांगायचं असेल तर माझ्याकडे तेवढाच वेळ आहे. मयूरी आरशासमोर बसलीय, आरशातूनच माझ्याकडे बघतेय.