चार खिळ्यांची पद्धत

२१ एप्रिल १९६९
शाळा सोडून दोन वर्षं झाली, पण डोकं चालू हाय. साहेबराव मालकांच्या दुकानात पुण्याच्या मालाच्या ऑर्डरी आजपासून माझ्याकडं. भिंतीला चार खिळे ठोकले. वर खडूनं लिवलं: लिवली, धाडली, वाटंवर, आली. चिठ्ठी खिळ्याखिळ्यानं पुढं सरकणार. कुणी मला काय विचारायला नको. मालक म्हनले, "पोरगं हुशार हाय." म्या खाली बघितलं. पण पटलं.

२२ एप्रिल, सकाळ
चिठ्ठ्या सातच्या पुणे एस्टीत कोंडिबा कंडक्टरच्या हातात द्यायच्या. त्यो पुण्यात व्यापाऱ्याच्या माणसाला देतो. तीन दिसांनी माल येतो. स्टँडवर गेलो. गर्दी लई. कोंडिबा वरडला, "काय रं नवरदेवा, चढतोस का लाजतोस?" सगळी गाडी हसली. चिठ्ठ्या घिऊन माघारी.
धाडायचं तर पक्कं ठरलंय. मग 'धाडली'वर टांगायला काय हरकत?

२४ एप्रिल
पाय दुखतोय. गेलो न्हाई.
थोरल्या बहिणीचं, रतनअक्काचं लगीन ११ मेला. बुद्धवंदना, नवरी पांढऱ्यात. भोरात रंगीत साड्या ढीगभर, चांगली पांढरी एक न्हाई. पुण्याहून मागवायची. बा म्हनला, "तुझ्यावर सोडलंय बग." अक्काची चिठ्ठी एकदम 'धाडली'वर. घरचं काम, वेळ घालवायचा न्हाई.

२७ एप्रिल
धाडून तीन दिस झाले, म्हंजे वाटंवर असणारच. सगळ्या चिठ्ठ्या सरकवल्या. भिंत बघून समाधान वाटलं.

१ मे
आईनं इचारलं, साडी कुठवर आली? म्या म्हनलं, वाटंवर. ती म्हनली, "कंच्या वाटंवर? मी रोज स्टँडावरनं येते." आईला पद्धत कळत न्हाई.

४ मे
हिशेबानं माल यायलाच पायजे. सगळं 'आली'वर.

५ मे
पासली गावच्या ठकुबाई कंदिलाच्या काचा न्यायला आल्या. म्या खिळा दावला. आली. त्या म्हनल्या, "आन् काच कुठाय? खिळा लावू व्हय कंदिलात?" मालकबी बघाय लागले. फळी मोकळी. म्या पाचवा खिळा ठोकला: अर्धी आली. चिठ्ठी हाय, माल न्हाई, म्हंजे अर्धीच की.
ह्या सुधारणेचं कुणी कौतुक केलं न्हाई.

८ मे, दुपार
अक्का दुकानात आली. पाची खिळे वाचले. आपली चिठ्ठी काढून हातात धरली. म्हनली, "चिठ्ठी तर पुण्याला जाती ना?" व्हय. "मग ही हितं कशी?"
सतरा दिस भिंतीकडं सगळ्यांनी बघितलं, पण हे कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई. ह्याला मी एकटा जबाबदार न्हाई.
बा तीनदा साडीचं इचारून गेला हुता, ते अक्कानं बोलून दाखवलं. रडली न्हाई. रडली असती तर बरं.

९ मे
अक्का सगळ्या चिठ्ठ्या घिऊन अंबूबाई चुलतीसंगं सातच्या गाडीनं पुण्याला गेली. कोंडिबाला म्हनली म्हनं, "दादा, दोन जागा करा, लगीन माझंच हाय." त्यानं करून दिल्या. सांजच्याला साडी, काचा, सगळा माल हजर.

११ मे
लगीन लागलं. साडी झ्याक. मालकांनी पंगतीतच नवऱ्या मुलाला इचारलं, ही दुकानात कामाला येईल का? लोक हसले. मला उद्यापासून गोण्या उचलायच्या. बरंच झालं, त्यात बोलावं लागत न्हाई. पद्धत चांगलीच हुती, भोरला पेलली न्हाई.
सांजच्याला अक्का सासरला, मार्गासनीला जायच्या टेम्पोत बसली. म्हनली, "येशील ना रं मला भेटायला?"
म्या मान हलवली.
"तोंडानं बोल की."
बोलणार हुतो. तवर टेम्पो सुटला.